पन्नाशीनंतर पुन्हा वाढीला लागणारी ग्रंथी

वय वाढते तसे शरीर बहुतेक ठिकाणी आवरते घेऊ लागते. स्नायू रोडावतात, हाडे विरळ होतात, मूत्रपिंडे लहान होतात, मेंदूचे वजनही थोडे घटते. पुरुषाची प्रोस्टेट ग्रंथी मात्र या नियमाला जुमानत नाही. लहानपणी ती अगदी चिमुकली असते. वयात येताना झपाट्याने वाढून विशीच्या सुमारास वीसेक ग्रॅमची होते आणि मग वीस-पंचवीस वर्षे स्वस्थ बसते. पुढे बाकीचे शरीर उताराला लागल्यावर ती पुन्हा वाढू लागते. कुणाची तीस ग्रॅमवर थांबते, कुणाची साठवर, तर कुणाची शंभराच्याही पुढे जाते.

तिची जागा मोठी अडचणीची आहे. मूत्राशयाच्या लगेच खाली, गुदाशयाच्या पुढे ती बसलेली असते आणि मूत्राशयातून निघालेला मूत्रमार्ग थेट तिच्या मधून आरपार जातो. दोन्ही बाजूंच्या वीर्यवाहिन्याही इथेच त्या मार्गाला मिळतात, म्हणजे लघवीचा आणि वीर्याचा रस्ता इथून पुढे एकच. स्खलनाच्या क्षणी मूत्राशयाचे तोंड घट्ट मिटते म्हणून वीर्य मागे न जाता पुढे येते. तारुण्यात ही सगळी व्यवस्था चोख चालते. ज्याने कुणी ही जागा नेमून दिली, त्याने सत्तरीतल्या माणसाचा विचार केलेला दिसत नाही, एवढेच.

ही ग्रंथी करते काय, हे पन्नाशी-साठीतल्या बहुतेक पुरुषांना सांगता येत नाही. तिचे नाव प्रथम ऐकू येते तेच तक्रारीच्या रूपात. खरे तर तिचे काम नाजूक आहे. वीर्याचा साधारण पाव हिस्सा द्रव ती तयार करते. त्याहून मोठा वाटा शेजारच्या वीर्यकोशांचा असतो आणि शुक्राणूंनी व्यापलेली जागा अगदी थोडी. प्रोस्टेटच्या द्रवात जस्त आणि सायट्रेट यांचे प्रमाण फार मोठे असते. शरीरातल्या इतर पेशी सायट्रेट पुढच्या रासायनिक पायरीवर नेऊन त्यातून ऊर्जा मिळवतात. प्रोस्टेटच्या पेशी मात्र जस्ताचा साठा करतात; ते जस्त पुढच्या पायरीवरचे विकर अडवते आणि न जळलेले सायट्रेट साठून द्रवात उतरते. स्वतःच्या ऊर्जेवर पाणी सोडून दुसऱ्यासाठी माल साठवणाऱ्या अशा पेशी शरीरात फारशा आढळत नाहीत. याच पेशी कर्करोगाच्या वाटेला लागल्या की हा साठा करायचे सोडून देतात आणि इतरांप्रमाणे सायट्रेट जाळू लागतात.

याच ग्रंथीतून येणाऱ्या आणखी एका द्रव्याची कथा जुनी आहे. १६७८ च्या सुमारास डेल्फ्टच्या आंतोनी व्हान लेवेनहूक यांना ठेवून दिलेल्या वीर्यात बारीक स्फटिक दिसले. ते स्पर्मिन नावाच्या द्रव्याचे फॉस्फेट होते हे पक्के व्हायला दोनशेहून अधिक वर्षे गेली. वीर्याला जो विशिष्ट वास असतो, तोही बराचसा या स्पर्मिनचाच.

आणि ज्याची सर्वांना धास्ती, ते पीएसए. रक्ताच्या रिपोर्टातली ही तीन अक्षरे म्हणजे मुळात एक उपयोगी प्रथिन आहे. बाहेर पडलेले वीर्य आधी थिजते आणि पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा पातळ होते. थिजलेल्या जाळ्याचे तुकडे करून शुक्राणूंना मोकळे करणारी कात्री म्हणजे पीएसए. त्याची जागा वीर्यात. रक्तात जे सापडते, ते ग्रंथीच्या भिंतींतून पाझरलेले थोडेसे. ग्रंथी मोठी झाली, सुजली, तिला जंतुसंसर्ग झाला, लघवीची नळी घातली किंवा कर्करोग झाला, तर हा पाझर वाढतो. नुसत्या आकड्यावरून यातले नेमके काय झाले ते कळत नाही.

वाढीचे गणित मात्र बऱ्यापैकी ठाऊक आहे. शवविच्छेदनात मिळालेल्या ग्रंथी तपासून केलेला एक मोठा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिशीच्या आतल्या पुरुषांत ही वाढ दिसली नाही. तिशी ते चाळिशीच्या गटात ती ८ टक्क्यांत होती, ५१ ते ६० या गटात ५० टक्क्यांत, तर ऐंशीच्या पुढे दहांपैकी आठांहून अधिक जणांत. हे प्रमाण पाहिले की या वाढीला आजार म्हणायचे की वयाचा स्वभाव, असा प्रश्न पडतो. केस पिकण्याला आपण आजार म्हणत नाही. फरक असा की पिकलेला केस कुणाची वाट अडवत नाही.

सगळी ग्रंथी सारखी वाढत नाही. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ जॉन मॅकनील यांनी १९६० च्या दशकापासून ग्रंथीचे काप तपासून तिचे वेगवेगळे भाग दाखवून दिले. मूत्रमार्गाला बिलगून असलेला एक छोटा भाग तरुण ग्रंथीच्या जेमतेम पाच टक्के असतो. म्हातारपणीची वाढ जवळजवळ सगळी तिथली. त्यात गाठी तयार होतात, त्या वाढतात आणि मूळ ग्रंथीला बाहेरच्या कडेला रेटतात. कर्करोग बहुधा होतो तो या कडेच्या भागात, गुदाशयाला लागून. म्हणूनच डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने तपासणी करतात. निरोगी ग्रंथी बोटाला नाकाच्या शेंड्यासारखी लागते, मऊ पण दाबाला उभी राहणारी. कर्करोगाची गाठ टणक लागते. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची असते. लाजेपायी ती वर्षानुवर्षे टाळणारी माणसे मात्र घरोघरी आहेत.

कुत्र्याचीही प्रोस्टेट म्हातारपणी वाढते. पाळीव प्राण्यांत असा दुसरा साथीदार माणसाला नाही. पण कुत्र्याची ग्रंथी बाहेरच्या दिशेने फुगते आणि गुदाशयावर दाब देते, त्यामुळे म्हाताऱ्या कुत्र्याला शौचाला त्रास होतो. लघवी सहसा अडत नाही. माणसाच्या ग्रंथीभोवती घट्ट वेष्टन असते. गाठींना बाहेर पसरायला वाव मिळत नाही आणि सगळा दाब आतल्या मूत्रमार्गावर येतो.

ही वाढ का होते, याचा माग दोनशे वर्षे माणसाला आणि जनावराला खच्ची करण्याच्या प्रथेतून लागत गेला. लंडनचे सर्जन जॉन हंटर यांनी १७८६ मध्ये नोंदवले, की खच्ची केलेल्या जनावरांत ही ग्रंथी लहान आणि लुळी राहते. शंभर वर्षांनी, १८९० च्या दशकात, फिलाडेल्फियाच्या जे. विल्यम व्हाइट यांनी त्यावरून थेट उपाय काढला. लघवी तुंबलेल्या म्हाताऱ्यांची वृषणे काढून टाकायची. अनेकांची ग्रंथी खरोखरच आकसली. काही दगावले, आणि या इलाजासाठी पुरुष खुशीने पुढे येतील अशी अपेक्षा अर्थातच चुकीची होती. चांगल्या शस्त्रक्रिया आल्यावर तो मागे पडला.

चीनच्या चिंग दरबारात सेवेला असलेले खोजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हयात होते. बीजिंगच्या वू ज्येपिंग आणि त्यांच्या सहकाऱ्याने अशा २६ वृद्धांची तपासणी केली होती. तिचा अहवाल १९८७ मध्ये छापून आला. खच्ची होऊन त्यांना चाळीसहून अधिक वर्षे झाली होती. बहुतेकांची प्रोस्टेट बोटाला लागतच नव्हती. ज्या वयात इतरांची ग्रंथी मूत्रमार्ग दाबते, त्या वयात यांची जवळपास नाहीशी झालेली. मधल्या काळात, १९४१ साली, शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनी दाखवले होते, की प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगालाही पुरुषी संप्रेरकाचा पुरवठा तोडला की तो मागे हटतो. कर्करोगासारखा आजार एखाद्या संप्रेरकावर पोसला जातो, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. हगिन्स यांना त्यासाठी १९६६ मध्ये नोबेल मिळाले. त्यांचे बरेचसे प्रयोग कुत्र्यांवरच झाले होते.

यापुढचा धागा सापडला तो डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास नावाच्या दुर्गम खेड्यात. तिथल्या काही कुटुंबांत मुलगी म्हणून जन्मलेली आणि वाढलेली मुले बाराव्या वर्षाच्या आसपास मुलगे होत. आवाज फुटे, दंड भरत, जननेंद्रिय वाढे. गावाला ते सवयीचे झाले होते आणि अशा मुलांसाठी एक खास शब्दही होता. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली या डॉक्टर बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये याचे कारण प्रसिद्ध केले. या मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक नेहमीइतके होते, पण त्याचे अधिक जोमदार रूपात रूपांतर करणारे विकर आनुवंशिक दोषामुळे काम करत नव्हते. त्या जोमदार रूपाचे नाव डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, थोडक्यात डीएचटी. गर्भात बाह्य जननेंद्रिय घडवायला ते लागते. म्हणून ही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत, आणि वयात येताना टेस्टोस्टेरॉनचा लोंढा आला की उरलेले काम पुरे होई.

औषध कंपन्यांचे लक्ष गेले ते दुसऱ्याच गोष्टीकडे. ही मुले मोठी होऊन धडधाकट पुरुष झाली, पण त्यांना टक्कल पडत नव्हते, दाढी विरळ राही आणि प्रोस्टेट छोटीच राही. म्हणजे ग्रंथी वाढवणारा खरा कारभारी टेस्टोस्टेरॉन नसून डीएचटी आहे. मग वृषणांना हात न लावता फक्त ते विकर अडवले तर? मर्क कंपनीने त्यावरून फिनास्टेराइड हे औषध घडवले. अमेरिकेत १९९२ मध्ये त्याला प्रोस्टेटसाठी मंजुरी मिळाली आणि १९९७ मध्ये टक्कलासाठी. आज आजोबांच्या डब्यात असलेली पाच मिलिग्रॅमची गोळी आणि नातवाने केस गळतात म्हणून सुरू केलेली एक मिलिग्रॅमची गोळी एकाच औषधाची असू शकते, हे त्या दोघांनाही माहीत नसते. ते माहीत असलेले बरे, कारण या औषधाने रक्तातले पीएसए सुमारे निम्म्यावर येते. गोळी चालू असल्याचे न सांगता तपासणी केली, तर आकडा खोटा दिलासा देतो.

एक कोडे अजून पुरते सुटलेले नाही. वयाबरोबर रक्तातले टेस्टोस्टेरॉन कमी होते. मग ग्रंथी नेमकी त्याच काळात का वाढते? ग्रंथीच्या आत डीएचटी टिकून राहते हे एक उत्तर. मॅकनील यांची कल्पना याहून थक्क करणारी आहे. मूत्रमार्गालगतच्या ऊतीत गर्भावस्थेतली जुनी वाढ-आज्ञा पुन्हा जागी होते, असे त्यांचे म्हणणे. पूर्ण पटो न पटो, सूक्ष्मदर्शकाखालच्या त्या कोवळ्या गाठी पाहून त्यांना तसे का वाटले असेल, हे समजते.

रुग्णाच्या दृष्टीने मात्र ग्रंथीपेक्षा मूत्राशय महत्त्वाचे, आणि आपल्याकडे घोटाळा होतो तो इथेच. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘प्रोस्टेटोमेगली, ग्रेड टू’ असे वाचले की घरात धावपळ सुरू होते. पण आकार आणि त्रास यांचे प्रमाण जुळत नाही. ऐंशी ग्रॅमची ग्रंथी घेऊन एखादा रात्रभर निवांत झोपतो, तर तीस ग्रॅमची एखाद्याला हैराण करते. गाठ कुठे वाढली, स्नायू किती आवळले गेले आणि मूत्राशयाने किती सोसले, यावर सारे ठरते. वाट अरुंद झाली की मूत्राशयाचा स्नायू जास्त जोर लावतो आणि जाड होतो. काही वर्षे त्यावर निभावते. मग तो चिडखोर होतो. थोडी लघवी साठली तरी घाई लागते, रात्री दोन-तीनदा उठावे लागते. शेवटी तो थकतो, लघवी पूर्ण सुटत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे होतात, आणि फार दुर्लक्ष झाले तर दाब वर मूत्रपिंडापर्यंत पोचतो. हा शेवटचा टप्पा दुखत नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा.

तपासणीतली सर्वांत साधी पायरी युरोफ्लोमेट्रीची. पाणी पिऊन कळ येईपर्यंत थांबायचे आणि यंत्राला जोडलेल्या एका फनेलमध्ये लघवी करायची. कागदावर धारेचा आलेख उमटतो. मोकळ्या धारेची रेघ चटकन वर चढून उतरते आणि सेकंदाला पंधरा मिलिलिटरच्या वर जाते. अडलेल्या धारेची रेघ लांबच लांब आणि सपाट असते. ती दहाच्या खाली राहिली तर अडथळ्याची शंका घ्यायची. बाहेर रांग लागलेली असताना अनेकांना लघवी होतच नाही आणि पुन्हा पाणी पिऊन बसावे लागते. त्यात कमीपणा काही नाही. मग सोनोग्राफीने मागे किती उरली ते पाहतात. याच्या जोडीला सात प्रश्नांचा तक्ता भरून घेतात. त्याचे गुण ० ते ३५. सातपर्यंत सौम्य, एकोणीसपर्यंत मध्यम, वीस आणि पुढे तीव्र. त्याला जोडलेला आठवा प्रश्न मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो: उरलेले आयुष्य लघवीच्या याच स्थितीत काढावे लागले तर तुम्हाला कसे वाटेल? सौम्य त्रासात आणि ‘चालेल’ या उत्तरात औषधाची गरज नसते. संध्याकाळनंतरचा चहा आणि पाणी कमी केले तरी पुष्कळदा भागते.

रात्री उठावे लागते त्याचे खापर सरसकट प्रोस्टेटवर फोडणेही बरोबर नाही. मधुमेह, दिवसभर पायांवर उतरलेली सूज, रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी, घोरण्याचा आजार, यांतले काहीही असू शकते.

औषधे मुख्यतः दोन जातींची. एक फिनास्टेराइडसारखी, ग्रंथी आकसवणारी. तिचा गुण यायला सहा महिने लागतात. दुसरी टॅम्सुलोसिनसारखी, मूत्रमार्गाभोवतीचे स्नायू सैल करणारी. तिचा गुण काही दिवसांत येतो, पण तिने ग्रंथी लहान होत नाही. ती घेणाऱ्याने अंथरुणातून झटकन उठू नये, चक्कर येते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळीचे नाव जरूर सांगावे, कारण तिने बुबुळातला पडदा लुळा पडतो आणि शस्त्रक्रिया अवघड होते. आणि ज्यांची धार आधीच बारीक आहे त्यांनी सर्दीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. नाक मोकळे करणारी औषधे मूत्राशयाचे तोंड आवळतात, सर्दी सुकवणारी काही औषधे मूत्राशयाचा जोर कमी करतात. थंडीच्या दिवसांत रात्री अचानक लघवी तुंबून दवाखान्यात आलेल्या आजोबांच्या खिशात पुष्कळदा अशीच गोळ्यांची पट्टी सापडते.

सुश्रुतसंहितेत मूत्राघाताचे जे बारा प्रकार सांगितले आहेत, त्यांतल्या वाताष्ठीलेचे वर्णन गुद आणि बस्ती, म्हणजे मूत्राशय, यांच्या मध्ये होणारी, मलमूत्र अडवणारी दगडासारखी कठीण गाठ असे आहे. गाठ ओळखली, तरी ती काढायची कशी हा प्रश्न शेकडो वर्षे तसाच राहिला. आधुनिक उत्तराशी हिंदुस्थानचा थोडा संबंध आहे. पीटर फ्रेयर हे आयरिश सर्जन वीस वर्षे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये उत्तर भारतात होते आणि मूतखडे फोडण्यात त्यांचा हातखंडा होता. लंडनला परतल्यावर १ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी ओटीपोटातून मूत्राशय उघडले आणि बोटाने कोरून वाढलेल्या गाठी अखंड बाहेर काढल्या. दुसऱ्या हाताचे बोट गुदाशयातून ग्रंथीला वर रेटत होते. पुढे अशा शस्त्रक्रियांची त्यांची संख्या हजारावर गेली. पद्धत आपलीच असे ते ठासून सांगत, पण न्यूयॉर्कच्या युजीन फुलर यांनी तसेच काम त्यांच्याआधी केले होते. श्रेय फुलर यांचे, प्रसार फ्रेयर यांचा, असे म्हणणे न्यायाचे होईल.

मूत्रमार्गातूनच आत जाण्याची वाट अमेरिकेत रुळली. बाल्टिमोरच्या ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९१२ मध्ये ‘डायमंड जिम’ ब्रॅडी या हिरेवेड्या आणि खादाड धनाढ्याची अडलेली वाट पोट न फाडता मोकळी केली. खूश होऊन त्याने दिलेल्या देणगीतून जॉन्स हॉपकिन्समध्ये मूत्ररोगांची संस्था उभी राहिली, ती आजही त्याच्याच नावाने चालते. १९२६ मध्ये मॅक्सिमिलियन स्टर्न यांचे विजेच्या तारेने ग्रंथी तासणारे उपकरण आले आणि आपल्याकडे ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात ते सुरू झाले. आता होल्मियम लेसरने गाठी वेष्टनापासून सोडवून काढतात. फ्रेयर यांचे बोट जे करत होते, तेच काम मूत्रमार्गातून आणि फारसा रक्तस्राव न होता. अशा शस्त्रक्रियेनंतर मूत्राशयाचे तोंड पूर्वीसारखे मिटत नाही, म्हणून वीर्य बहुधा मागे जाते आणि नंतर लघवीवाटे निघून जाते. याला नपुंसकत्व म्हणत नाहीत. हे आधी न सांगितल्याने अनेक जोडपी उगाच धास्तावतात.

कर्करोगाबद्दल एक गोष्ट स्पष्ट असावी. ही वाढ कर्करोगात बदलत नाही. दोन्ही एकाच ग्रंथीत, पण स्वतंत्रपणे होतात. कर्करोग सुरुवातीला लघवीचा त्रास बहुधा देत नाही, आणि आपल्याकडे बरेच रुग्ण पाठीच्या मणक्यात तो उतरल्यावरच डॉक्टरांपुढे येतात. उलट खूप वृद्धांच्या ग्रंथीत तो इतका मंद असतो की आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही आणि मरण दुसऱ्याच कारणाने येते. सरसकट तपासणीचा वाद यातूनच येतो. १९७० मध्ये प्रोस्टेटच्या पीएसएसारख्याच एका प्रथिनावर काम केलेले शास्त्रज्ञ रिचर्ड एब्लिन हेच पुढे सरसकट पीएसए तपासणीचे कडवे टीकाकार झाले. सरसकट तपासणी नको, हे त्यांचे म्हणणे मला पटते. पण वडिलांना किंवा भावाला हा कर्करोग झाला असेल, तर पन्नाशीच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

बाकीच्यांसाठी एक सोपे काम आहे. डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवस एका कागदावर लघवीची वेळ आणि मापाच्या भांड्याने मोजलेले प्रमाण लिहा. रात्री कितीदा उठलात आणि काय प्यायलात तेही लिहा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावे खाली जोडा, सर्दीच्या आणि केसांच्या गोळ्यांसकट. सोनोग्राफीच्या रिपोर्टाआधी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा.